रोहन बोपण्णाची खतावणी

दिवाळीला आमचे शेठ वहीपूजनासाठी दरवर्षी पाच लाल वह्या आणतात. हिशेब सगळा कधीचाच टॅलीवर गेलाय, पण लक्ष्मीपुढं संगणक मांडून त्याला हळदकुंकू वाहणं शेठना पटत नाही. त्यामुळं वह्या येतात. पहिल्या पानावर 'श्री' पडतो, दोन वह्या कामाला लागतात, एक शेतकऱ्यांच्या उचलीची आणि एक हमालांची, बाकीच्या तीन माळ्यावर. यंदा त्यातली एक मी घरी आणली. शेठना विचारून आणली, हे इथं लिहून ठेवतो, कारण ते स्वतः ब्लॉग वाचत नसले तरी त्यांची सून वाचते.

पूजनाला दहा-बारा दिवस झाले असतील. १ नोव्हेंबर २०२५ ला रोहन बोपण्णानं टेनिसमधून निवृत्ती जाहीर केली. मोबाइलवर बातम्या आल्या, सगळ्यांत तेच आकडे: दोन ग्रँड स्लॅम, पुरुष दुहेरीची २६ विजेतेपदं, वयाच्या ४३ व्या वर्षी जागतिक क्रमवारीत पहिला. वीस-बावीस वर्षं चार ओळींत आटोपली. मी लातूरच्या मार्केट यार्डात एका आडत दुकानावर मुनीम आहे, २१ वर्षं झाली. चार ओळींच्या हिशेबावर माझा भरवसा नाही. ताळेबंद कुणीही सुबक काढून देतो, माणूस कुणाशी कसा वागला ते खतावणीत दिसतं. म्हणून जेवण झाल्यावर ती लाल वही उघडली आणि बोपण्णाची खाती मांडायला बसलो.

पलीकडच्या टेबलावर भाचा फिजिक्सचा पेपर सोडवत होता. बहिणीचा मुलगा, निलंग्याकडचा. नीटसाठी आमच्याकडं राहतो, यंदा रिपीटर आहे.

"मामा, काय करायलाव?"

"बोपण्णाची खतावणी."

"एकेरीत त्याची बेस्ट रँक काय होती?"

"२१३."

"दोनशे तेरा?" त्यानं पेन खाली ठेवलं.

लातुरात रँक हा शब्द जपून वापरावा लागतो. नीटला २१३ वी रँक आली तर क्लासवाले पोराचा फोटो चौकाचौकात लावतात, आईबापासकट. टेनिसमध्ये २१३ वा म्हणजे ग्रँड स्लॅमचं मुख्य दार बंद, पात्रता फेरीच्या रांगेत उभं राहायचं. बोपण्णा २००७ साली तिथवर पोचला तेव्हा २७ वर्षांचा होता, आणि एकेरीत त्याच्या वर कधीच गेला नाही. कूर्गच्या कॉफीवाल्या घरातला, सहा फुटांवर उंची, तोफेसारखी सर्व्हिस, एका हाताचा देखणा बॅकहँड. सगळं होतं, पण दौऱ्यावर एकेरीत त्याचं पोट भरलं नाही. पोट भरलं ते दुहेरीनं.

माझाही जन्म १९८० चाच. त्याचा ४ मार्च, माझा शाळेच्या दाखल्यावर १ जून. मराठवाड्यात ज्यांची तारीख १ जून असते त्यांची खरी तारीख गुरुजींनाही माहीत नव्हती असं समजायचं. टेनिसशी माझा संबंध आला तो औशाकडच्या गावातून अकरावीला लातुरात आलो तेव्हा. मामा अधिकाऱ्यांच्या एका क्लबात माळी होते. तिथं मातीचं एक कोर्ट होतं. संध्याकाळी साहेब लोक यायच्या आधी पाइपनं पाणी मारायचं, रोलर फिरवायचा, चुन्याच्या रेघा ओढायच्या आणि मग खेळ संपेस्तोवर चेंडू गोळा करायचे. दिवसाला पाच रुपये आणि फुटके चेंडू फुकट. १९९६ च्या ऑगस्टमध्ये लिअँडर पेसनं अटलांटाला कांस्य जिंकलं. खाशाबा जाधवांनंतर ४४ वर्षांनी भारताला वैयक्तिक पदक. त्या आठवड्यात कोर्टावर इतकी गर्दी झाली की क्लर्क मंडळीही चपला काढून खेळायला उतरली. मीही उतरलो, आणि अजून उतरतो. आता रीतसर सभासद आहे, रविवारी सकाळी दुहेरी खेळतो.

तर खतावणी. ज्यांना वहीखात्याची सवय नाही त्यांच्यासाठी सांगतो. रोजकीर्दीत दिवसाचे व्यवहार येतील तसे उतरतात. खतावणीत प्रत्येक माणसाला स्वतंत्र पान. पानाच्या डावीकडं जमा, उजवीकडं नावे. एकच शेतकरी एके दिवशी सोयाबीन घालतो तेव्हा डावीकडं येतो, दुसऱ्या दिवशी खतासाठी उचल नेतो तेव्हा उजवीकडं. माणूस तोच, बाजू बदलते. मी बोपण्णाच्या प्रत्येक जोडीदाराला एक पान दिलं. जाळीच्या अलीकडं असताना काय झालं ते डावीकडं, पलीकडं असताना काय झालं ते उजवीकडं. मला वाटलं होतं उजव्या बाजू कोऱ्या राहतील. तसं झालं नाही, म्हणून तर हे लिहितोय.

पहिलं पान ऐसाम-उल-हक कुरेशीचं. लाहोरचा खेळाडू. २०१० साली हे दोघं अमेरिकन ओपनच्या अंतिम फेरीत गेले आणि ब्रायन बंधूंकडून ७-६, ७-६ असे हरले. दोन्ही सेट टायब्रेकपर्यंत (६-६ अशा बरोबरीनंतरचा निर्णायक गेम) नेऊन हरणं म्हणजे सौदा एका रुपयानं हुकणं. २०११ ला दोघांनी पॅरिस मास्टर्स जिंकली. मास्टर्स म्हणजे ग्रँड स्लॅमच्या खालच्या पायरीची स्पर्धा. मग लंडन ऑलिंपिक आलं. ऑलिंपिकला भारतीय जोडीदार हवा, म्हणून बोपण्णानं ऐसामला सोडून महेश भूपतीचा हात धरला. (पुढं पेससोबत कोण खेळणार यावरून जो तमाशा झाला त्यात मी शिरत नाही. आमच्या क्लबातली दोन माणसं त्या विषयावरून अजून एकमेकांशी बोलत नाहीत.) लंडनला बोपण्णा-भूपती दुसऱ्याच फेरीत गारद. पण त्याच वर्षी दोघांनी पॅरिस मास्टर्स जिंकली, आणि अंतिम सामन्यात समोर कोण होता? ऐसाम, नवा जोडीदार रॉयरला घेऊन. म्हणजे ऐसामच्या पानावर डावीकडं पॅरिस २०११, उजवीकडं पॅरिस २०१२. तेच गाव, तीच स्पर्धा, मध्ये एक वर्ष आणि एक जाळी.

त्या रॉयरलाही मग पान द्यावं लागलं. जीन-ज्युलियन रॉयर, हॉलंडकडून खेळणारा. २०१५ च्या वर्षअखेरच्या स्पर्धेत बोपण्णा आणि फ्लोरिन मेर्जा अंतिम फेरीत गेले, तिथं रॉयर-टेकाऊनं त्यांना हरवलं. रॉयरनंच २०२२ ला चाळिशी ओलांडून फ्रेंच ओपनची दुहेरी जिंकली आणि व्यावसायिक काळात, म्हणजे १९६८ पासून, पुरुष दुहेरीची ग्रँड स्लॅम जिंकणारा सर्वांत वयस्कर खेळाडू ठरला. हा विक्रम त्याच्याकडून कुणी घेतला ते पुढं येतंच.

गॅब्रिएला डाब्रोव्स्कीच्या पानाशी मी जरा जास्त वेळ थांबलो. कॅनडाची. २०१७ ला तिच्यासोबत बोपण्णानं फ्रेंच ओपनची मिश्र दुहेरी जिंकली. पहिला सेट २-६ गेला, दुसरा ६-२ आला, शेवटचा सुपर टायब्रेक, तिसऱ्या सेटऐवजी खेळतात तो दहा पॉइंटांचा, १२-१०, आणि तोही दोन मॅच पॉइंट वाचवून. ३७ व्या वर्षी पहिला ग्रँड स्लॅम. पेस, भूपती, सानिया यांच्यानंतर असा करंडक उचलणारा तो चौथा भारतीय. पुढच्याच जानेवारीत ऑस्ट्रेलियन ओपनच्या अंतिम फेरीत बोपण्णा हंगेरीच्या तिमेआ बाबोसला घेऊन उतरला, समोर डाब्रोव्स्की आणि क्रोएशियाचा पाविच. पुन्हा पहिला सेट ६-२. पुन्हा दुसरा उलटा. पुन्हा सुपर टायब्रेक, ११-९. फक्त या खेपेला जिंकली डाब्रोव्स्की. सात महिन्यांच्या अंतरानं जवळजवळ तोच सामना, आणि बोपण्णा त्याच्या दुसऱ्या बाजूला.

"म्हणजे तिला त्याच्या सगळ्या खोडी माहीत होत्या," भाचा म्हणाला. एव्हाना तो फिजिक्स सोडून माझ्या खांद्यावरून वाचत होता.

"त्यालाही तिच्या माहीत होत्या की."

"मग बरोबरी झाली. प्रॉबॅबिलिटी एक भागिले दोन."

बोर्डाच्या पेपरात हे उत्तर चाललं असतं.

सानियाचं पान वेगळं आहे. तिथली डावी बाजू हुकलेल्या गोष्टींची आहे. २०१६ ला रिओ ऑलिंपिकमध्ये दोघं पदकाच्या तोंडाशी गेले. उपांत्य सामन्यात व्हीनस विल्यम्स आणि राजीव राम यांनी हरवलं, कांस्यपदकाच्या लढतीत ह्राडेत्स्का-स्टेपानेक यांनी. चौथा नंबर. त्या साली मिरजेहून पाण्याची रेल्वे लातूरला येत होती. प्यायला पाणी रेल्वेनं येत असताना कोर्टावर कोण मारणार? माती भेगाळली, रेघा उडाल्या, जाळी काढून खोलीत टाकली. आमचा त्या वर्षीचा टेनिस म्हणजे फक्त टीव्हीवरचा, आणि त्यातही चौथा नंबर. २०२३ च्या ऑस्ट्रेलियन ओपनला सानिया आपली शेवटची ग्रँड स्लॅम खेळली, बोपण्णासोबतच, आणि दोघं अंतिम फेरीत हरले. बोलताना तिला रडू आलं. मी चौदा वर्षांची असताना माझा मिश्र दुहेरीतला पहिला जोडीदार रोहनच होता, असं ती म्हणाली. ते खातं उघडलं तेव्हाही तो आणि मिटलं तेव्हाही तो.

छोटी पानं भराभर भरली. पाब्लो क्युव्हास: मोंटे कार्लो २०१७. मेर्जा: माद्रिद २०१५. ऋतुजा भोसले, आपल्या महाराष्ट्राची: एकच ओळ, हांगझोऊ आशियाई स्पर्धा, मिश्र दुहेरीचं सुवर्ण. त्या अंतिम सामन्यातही पहिला सेट २-६ गेला होता. बोपण्णाला पहिला सेट २-६ नं घालवायची काय हौस होती कळत नाही. दिविज शरण: २०१८ च्या आशियाई स्पर्धेचं सुवर्ण आणि २०१९ च्या जानेवारीत पुण्याला बालेवाडीचं विजेतेपद.

ती बालेवाडीची अंतिम लढत मी प्रत्यक्ष पाहिली आहे. लातूरहून रात्रीची ट्रॅव्हल्स धरली, पहाटे पुण्यात उतरलो, स्वारगेटला पोहे खाल्ले. एकेरीसाठी आलेले प्रेक्षक दुहेरीच्या वेळी चहाला उठले ते बरेचसे परत आलेच नाहीत. मला पुढची जागा मिळाली. टीव्हीवर जे कधीच दिसत नाही ते तिथं दिसलं. प्रत्येक पॉइंटनंतर दोघं एकमेकांकडं चालत येतात, हाताला हात लावतात, तोंडावर चेंडू धरून दोन शब्द बोलतात आणि मगच आपापल्या जागी जातात. पॉइंट गेला तरी हाताला हात. सोपा स्मॅश जाळीत घातला तरी हाताला हात. मी मोजायला लागलो होतो, साठाच्या पुढं सोडून दिलं.

हे मी परत आल्यावर तात्यांना सांगितलं. तात्या माझे रविवारचे जोडीदार, पाटबंधारे खात्यातून निवृत्त, वय ६८. जाळीजवळ उभे राहिले की हलत नाहीत, पण अंगावर आलेला चेंडू बरोबर मारतात. त्यांची एकच खोड. चेंडू दोघांच्या मधून आला की जागेवरूनच ओरडतात, "तुझा!" नऊ वर्षांत "माझा" हा शब्द मी त्यांच्या तोंडून ऐकलेला नाही. हाताला हात लावायचं सांगितल्यावर म्हणाले, "पॉइंट गेल्यावर कशाचं कौतुक? आधी तो मधला चेंडू घेत जा."

आता मोठं पान. मॅथ्यू एब्डन, ऑस्ट्रेलियाचा. याला दोन पानं लागली.

२०२१ साली बोपण्णा एवढा हरत होता की खेळ सोडायचा विचार त्यानं केला होता, हे त्यानंच नंतर सांगितलं. दोन्ही गुडघ्यांतली गादी झिजून संपलेली. आमच्याकडं असंच म्हणतात, गादी झिजली. माझीही झिजत आलीय, दुकानाच्या गादीवर मांडी घालून २१ वर्षं बसल्यानं. इथल्या एका डॉक्टरांनी मला दीड हजारांचा पट्टा दिला आणि जिने चढू नका म्हणाले. आमचं घर तिसऱ्या मजल्यावर. बोपण्णानं अय्यंगार योग धरला, दोऱ्या, पट्टे, खुर्च्या वापरून करायचा तो. त्यानं गुडघ्याला आधार मिळाला असं तो सांगतो. ज्या वयात बाकीचे प्रशिक्षक होतात त्या वयात, २०२३ पासून, त्यानं एब्डनला घेतलं. त्याच मार्चमध्ये इंडियन वेल्स जिंकली. मास्टर्स दर्जाची स्पर्धा ४३ व्या वर्षी जिंकणारा पहिलाच. मग विम्बल्डनची उपांत्य फेरी, मग अमेरिकन ओपनची अंतिम फेरी, ऐसामसोबतच्या त्या हुकलेल्या सौद्यानंतर १३ वर्षांनी.

समोर राजीव राम आणि जो सॅलिसबरी. हा राम तोच, रिओचा. त्याच्या पानावर मी डावीकडं काही लिहिलं नव्हतं, सगळं उजवीकडं. पहिला सेट बोपण्णा-एब्डननं घेतला, दुसरा गेला, आणि निर्णायक सेटमध्ये एक गोष्ट घडली. एक चेंडू बोपण्णाच्या हाताला निसटता लागून गेला. पंचांना दिसलं नाही, समोरच्यांनाही नाही. पॉइंट यांच्या बाजूनं चालला होता. बोपण्णानं स्वतः सांगितलं, मला लागला, आणि पॉइंट देऊन टाकला. सामना ते हरले.

भाच्यानं तो व्हिडिओ तीनदा पाहिला. "मामा, लागलेला दिसतच नाही. कॅमेऱ्यात पण नाही."

"त्याला कळलं होतं की."

"मार्क गेला ना पण. फायनल होती."

मी त्याला उत्तर दिलं नाही. हा पॉइंट कुठल्या पानावर घालायचा याच विचारात होतो. रामच्या पानावर घालावा तर त्यानं तो मिळवला नाही. एब्डनच्या पानावर घालावा तर तो अर्धा त्याचाही होता आणि त्याला कुणी विचारलं नव्हतं. शेवटी समासात लिहिला.

इथं टेनिसच्या जमाखर्चाची रीत सांगायला हवी, कारण मुनीम म्हणून मला तिची झोप उडवणारी गंमत वाटते. क्रमवारी सोमवारी निघते आणि मागच्या ५२ आठवड्यांचीच जमा धरतात. गेल्या वर्षी याच आठवड्यात काही मिळवलं असेल तर ते या सोमवारी आपोआप उतरतं. पुन्हा मिळवलंत तर जागेवर, नाहीतर खाली. आमच्या धंद्यात मागील बाकी पुढं ओढतात. आजोबांची उचल नातवाच्या पानावर आलेली मी पाहिलीय. तिथं मागील बाकी ओढायची पद्धतच नाही. दुसरी गंमत दुहेरीची. बक्षिसाचे पैसे दोघांत वाटून, पण गुण दोघांना पूर्णच्या पूर्ण. ग्रँड स्लॅम जिंकला की २०००, तर याच्याही खात्यात २००० आणि त्याच्याही. एकच माल, दोन जागी पूर्ण जमा. माझ्या दुकानात असा व्यवहार दिसला तर मी ऑडिटरला फोन करीन. आणि क्रमवारी जोडीची नसते, ज्याची त्याची. म्हणून एक जण पहिला आणि त्याच्याच बाजूनं खेळणारा दुसरा, असं होऊ शकतं.

२०२४ च्या जानेवारीत तसंच झालं. मेलबर्नला उपउपांत्य सामना जिंकल्याबरोबर ठरून गेलं की पुढच्या क्रमवारीत बोपण्णा पहिला. त्याच्या आधी सर्वांत उशिरा पहिल्यांदा पहिला झालेला माणूस म्हणजे राजीव राम, ३८ व्या वर्षी. रामचं पान बघा, शेवटी डावीकडं काहीतरी आलं.

अंतिम सामना २७ जानेवारीला, शनिवारी. आदल्या दिवशी प्रजासत्ताक दिनाची सुट्टी, त्यामुळं यार्डात दोन दिवसांची आवक एकदम. नवी तूर, भाव तेजीत. सौदा होऊन काट्यावर पोत्यांची थप्पी, मापाडी ओरडतोय, हमालांच्या अंगावर धूळ, आणि मी पट्ट्या करत बसलेलो. पट्टी म्हणजे शेतकऱ्याच्या हातात द्यायचा हिशेब: माल किती, भाव काय, हमाली-तोलाई वजा जाऊन हाती किती. दुपारचे चार वाजून गेले होते. मोबाइल कॅल्क्युलेटरला टेकवून ठेवलेला, आवाज बंद. समोर इटलीचे बोलेली आणि वावासोरी. पहिला सेट टायब्रेकला गेला आणि तो टायब्रेक बोपण्णा-एब्डननं ७-० नं घेतला. सात पॉइंट, समोरच्याला एकही नाही. मी टेबलावर हात आपटला, शेठनी चष्म्यावरून पाहिलं. दुसरा सेट ७-५. संपलं. ४३ वर्षं ३२९ दिवस. रॉयरचा विक्रम गेला, एकदम तीन वर्षांनी गेला. पुरुष दुहेरीच्या ग्रँड स्लॅममधला बोपण्णाचा हा ६१ वा प्रयत्न, आणि एब्डन त्यातला १९ वा जोडीदार.

संध्याकाळी काट्याच्या चिठ्ठ्या आणि पट्ट्या ताडून बघितल्या तर एक क्विंटल तूर जुळेना. रेणापूरकडच्या एका शेतकऱ्याच्या पट्टीत मी १२ क्विंटलचे ११ केले होते. बहुतेक त्या टायब्रेकच्या वेळी. तो पैसे घेऊन केव्हाच गावी गेला होता. मी शेठना सांगितलं. शेठ म्हणाले, "त्याच्या लक्षात आलं तर येईल की तो." मी त्यांच्यादेखत त्याला फोन लावला. सोमवारी सकाळी तो आला, पैसे मोजून घेतले, चहा घेतला, आणि जाताना मला म्हणाला, "मुनीम, चष्मा बदला." त्याच सोमवारी क्रमवारी निघाली, पहिला बोपण्णा. मी चष्म्याचं कारणच खरं आहे असं दाखवलं.

६१ व्या प्रयत्नाची गोष्ट मी भाच्याला प्रेरणा म्हणून सांगितली नाही. त्याच्या क्लासच्या जिन्यात तशी पोस्टरं पायरीपायरीला आहेत. त्यानंच आकडेमोड केली. "म्हणजे साठ वेळा नापास."

"नापास नाही. काही वेळा अंतिम फेरी होती, काही वेळा उपांत्य."

"कटऑफच्या खाली म्हणजे खालीच, मामा."

त्याच्या जगात ते खरं आहे. मी वाद घातला नाही.

एब्डनच्या दुसऱ्या पानाची डावी बाजू मियामीच्या विजेतेपदानं संपते, २०२४ चा मार्च. एब्डनही त्याच वर्षी पहिल्या क्रमांकावर जाऊन आला. मग पॅरिस ऑलिंपिक. देश वेगळे, म्हणून जोड्या फुटल्या. बोपण्णा श्रीराम बालाजीसोबत पहिल्याच फेरीत हरला. हरवणाऱ्यांत एक मॉनफिस आणि दुसरा एदुआर रोजर-व्हॅसेलिन, ज्याच्यासोबत बोपण्णानं २०१३ ला टोकियोची स्पर्धा जिंकली होती. आणखी एक उजवी बाजू भरली. आणि एब्डन? त्यानं जॉन पिअर्ससोबत त्याच ऑलिंपिकचं सुवर्ण नेलं. त्या वर्षाअखेर बोपण्णा-एब्डन वेगळे झाले. २०२५ च्या ऑस्ट्रेलियन ओपनला बोपण्णा कोलंबियाच्या बॅरिएन्टोसला घेऊन उतरला आणि पहिल्या फेरीत बाहेर. स्पर्धा संपली त्या सोमवारी त्याच्या खात्यातले ते २००० गुण उतरले. शेवटचा सामना पॅरिसला, कझाकस्तानच्या बुब्लिकसोबत. सुपर टायब्रेकमध्ये हरले. जाळीपलीकडं होता जॉन पिअर्स. नाव लिहून झाल्यावर मी वही मिटली आणि उघडून परत तपासलं. तोच.

हे सगळं मी पुढच्या रविवारी तात्यांना सांगणार होतो. वही पिशवीत घालून नेली होती. पण कोर्टावर गेलो तर तात्या नवीन पोराच्या बाजूला उभे. एका बँकेत बदलून आलेला २६ वर्षांचा अधिकारी, सर्व्हिस चांगली. तात्या म्हणाले, "आज जरा याच्यासोबत बघतो. तुझे गुडघे पण दुखायलेत ना?" मला क्लबचे खजिनदार मिळाले. ते दर पॉइंटला स्कोअर विसरतात.

पहिला सेट आम्ही ६-४ घेतला. माझ्याच्यानं हे कसं झालं माहीत नाही. पॉइंट गेला की मी खजिनदारांकडं चालत जायचो आणि हात पुढं करायचो. पहिल्यांदा त्यांना वाटलं मी चेंडू मागतोय. दुसऱ्या सेटमध्ये ५-५, ड्यूस, पुढचा पॉइंट घेईल त्याचा अॅड्व्हान्टेज. बँकेच्या पोरानं जोरात मारलेला चेंडू आमच्या दोघांच्या बरोबर मधून यायला लागला. मी पाऊल टाकलं, खजिनदारांनीही टाकलं, आणि तेवढ्यात पलीकडून जाळीजवळून खणखणीत आवाज आला.

"तुझा!"

नऊ वर्षांची सवय. मी थांबलो, कारण हा आवाज आला की चेंडू मीच घ्यायचा, आणि घ्यायला गेलो तर खजिनदार आडवे. तेही थांबले. चेंडू दोघांच्या मधून गेला, रेघेच्या आत पडला आणि चुन्याची धूळ उडाली.

नियमानं तो पॉइंट आमचा होता. समोरच्यानं मध्येच ओरडून व्यत्यय आणला की पॉइंट आपला होतो. मी जाळीजवळ गेलो. तात्यांनी माझ्याकडं पाहिलं, खजिनदारांकडं पाहिलं, टोपी सारखी केली.

"अॅड्व्हान्टेज आमचा," तात्या म्हणाले, आणि जाळीला पाठ करून बँकेच्या पोराच्या हाताला हात लावायला निघाले.